निळी ज्योत कोणासमोर

“माका मारून टाका साहेब, पण फितूर नका करू.”

सावंतकाका हे म्हणाले तेव्हा त्यांच्या डोक्यावर प्रधानाची पगडी होती, अंगात जरीचा झगा होता आणि हातात कटिंग चहा होता. जेवणाची सुट्टी झाली होती. मरोळच्या एका भाड्याच्या गोदामात आम्ही एका काल्पनिक राज्याचा दरबार उभा केला होता, आणि बाहेर पत्र्याच्या सावलीत सैनिक, दासी आणि एक राक्षस डबे उघडून बसले होते. काका त्यांच्यातून उठून मुद्दाम माझ्याकडे आले होते.

मी म्हणालो की मारणं माझ्या हातात नाही.

“मग आजारी पाडा. अर्धांगवायू होऊ दे. तोंड वाकडं मी करून दाखवीन.”

त्यांनी लगेच करून दाखवलंही. चांगलं जमलं होतं.

मी त्या मालिकेचा कंटिन्युइटी असिस्टंट होतो. ऐंशीच्या दशकाचा उत्तरार्ध होता. रविवारी सकाळी लोक आंघोळी उरकून टीव्हीसमोर बसत. कंटिन्युइटी म्हणजे काय, हे तेव्हा माझ्या वडिलांनाही मी नीट सांगू शकलो नव्हतो. आधी संपूर्ण दरबार एका चौकटीत दिसेल असा शॉट घेतात, त्याला मास्टर म्हणतात. मग एकेकाचे चेहरे जवळून घेतात. मास्टरमध्ये राजाच्या उजव्या हातात पेला असेल, तर जवळच्या शॉटमध्येही तो उजव्याच हातात असला पाहिजे. एवढंच बघणं हे माझं काम. दोन शॉट्सच्या मध्ये मी पुस्तक वाचत बसायचो, म्हणून सगळे मला मास्तर म्हणत. मी कधी कुणाला काही शिकवलेलं नाही.

या कामात एक अधिकार आपोआप येतो. गर्दीतला एखादा माणूस मास्टरमध्ये राजाजवळ ठळक दिसला, की दुसऱ्या दिवशी त्याला बोलवावंच लागतं. नाहीतर एका शॉटमध्ये सरदार आहे आणि पुढच्या शॉटमध्ये नाही, असं होईल. त्यामुळे गर्दीतले सगळे सिंहासनाच्या दिशेने हळूहळू सरकत असत. सकाळी दाराशी उभा केलेला भालदार दुपारपर्यंत राजाच्या खांद्याशी आलेला असायचा. जो मास्टरमध्ये लागला, तो दरबाराचा झाला. ‘मास्तर, मी लागलो ना?’ हा प्रश्न मला दिवसभर ऐकू यायचा. एका सेनापतीने या प्रश्नाबरोबर डब्यातला तळलेला बांगडाही पुढे केला होता. राज्य काल्पनिक होतं, पण तिथला कारभार अगदी खऱ्या राज्यासारखा चालायचा.

सावंतकाका मात्र कधी सरकले नाहीत. त्यांना दिग्दर्शक कर्णिकांनीच सिंहासनामागे उभं केलं, कारण ते हलत नसत. गिरणीत त्यांनी आयुष्यभर मागावर उभं राहून काम केलं होतं. संपानंतर गिरणी उघडली, पण काकांच्या खात्याला टाळंच राहिलं. मग कुणीतरी त्यांना इथे आणलं. त्यांना संवाद नव्हता. काम इतकंच, की राजाच्या मागे उभं राहायचं.

पण त्यांना एक सवय होती. दरबारात महामांत्रिक त्रिकालनाथाचं लांबलचक भाषण सुरू झालं, की काकांची डावी भुवई थोडी वर जायची. फार नाही. गेटसभेत पुढाऱ्याचं भाषण ऐकताना जुना कामगार जसा चेहरा करतो, तसा. मालिका सुरू झाल्यावर आमच्या बोरीवलीच्या सोसायटीत मला लोक विचारायला लागले, तो मागचा म्हातारा कोण रे? एकदम झकास आहे. त्रिकालनाथाबद्दल कुणी विचारत नसे.

ही गोष्ट त्रिकालनाथाच्या कानावर गेली. ती भूमिका तेजपालजी करत. नाटकातून आलेले, खर्जातला आवाज, सेटवर येताना स्वतःची खुर्ची घेऊन येणारे. मालिका चालली आहे हे दिसल्यावर त्यांनी डेट्स देणं कमी केलं होतं. डेट्स म्हणजे नटाने शूटिंगसाठी कबूल केलेले दिवस. आपल्यावाचून अडतं आहे हे निर्मात्याला कळावं, एवढाच त्यामागचा हेतू. आमचे निर्माते जयंतीभाई, घाटकोपरचे, मूळचे स्टीलच्या भांड्यांचे व्यापारी. ते रोज फोन करत, आणि तेजपालजी रोज पूजेत असत. शेवटी त्यांनी फक्त एका एपिसोडपुरत्या डेट्स दिल्या. गोदामाचं भाडं चढत होतं. म्हणून पुढच्या एपिसोडांमधले दरबार आम्ही त्यांच्याशिवाय आधीच शूट करून टाकले. त्यांचं व्याघ्रासन रिकामं ठेवलं. त्यांचे चेहरे नंतर कधीतरी घेऊन मध्ये जोडायचे असं ठरलं. एपिसोड क्रमाने शूट होत नाहीत, ही गोष्ट प्रेक्षकांना सांगितली तर पटत नाही. पण घरातही लग्नाआधीच बारशाची भांडी घेऊन ठेवतात, तसंच हे.

तर सगळ्यात शेवटी तेजपालजींचा एपिसोड शूट व्हायचा होता. कथा अशी: दरबारात कुणीतरी परका, फितूर घुसला आहे. त्रिकालनाथ एक मंतरलेला दिवा हातात घेऊन प्रत्येकासमोर जातो. आपल्या माणसासमोर ज्योत पिवळी राहते, परक्यासमोर निळी होते. मूळ कथेत ती शेजारच्या राज्याच्या वकिलासमोर निळी व्हायची होती. तो वकील फक्त त्याच एपिसोडपुरता होता.

तेजपालजी सकाळी आले ते हसतमुख. काकांना काढा असं ते कुणालाच म्हणाले नाहीत. कर्णिकांना बाजूला घेऊन म्हणाले की वकिलाचं कुणाला काय पडलंय. सत्तेजवळ नि:शब्द उभा असलेला वृद्ध, तोच परका निघाला, तर केवढं मोठं प्रतीक होईल. कर्णिक प्रायोगिक नाटकवाले. प्रतीक हा शब्द कानावर पडला की त्यांना भूक लागत नसे. मग जयंतीभाईंना म्हणाले की वकिलाच्या नटाला बोलवायलाच नको, एक माणूस वाचला. आणि मग काकांच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, काका, तुमच्यासाठी मोठा सीन लिहवून घेतलाय, क्लोजअप आहे, संवाद आहे. तिघांना तीन गोष्टी सांगितल्या आणि तिघेही आनंदले. वकिलाला फोन करून घरी बसवण्यात आलं.

काकांचा आनंद जेवणापर्यंत टिकला. मग त्यांनी संवाद कुणाकडून तरी वाचून घेतला. त्यांना फक्त ‘क्षमा, महाराज’ एवढंच म्हणायचं होतं. मग सैनिक त्यांची पगडी उतरवणार आणि त्यांना ओढून नेणार.

चहाचा ग्लास खाली ठेवून त्यांनी मला सांगितलं ते असं. ते भटवाडीत राहायचे. तिथे त्यांच्या गावच्या मुंबईकरांचं मंडळ होतं. संपाच्या वेळी कुणीतरी उठवलं होतं, की सावंत मागच्या गेटने कामावर जातो. काका कधी गेले नव्हते. पण त्या दिवसांत फितूर हा शब्द एकदा चिकटला की सुटत नसे. मंडळाने सभासदांच्या यादीतून त्यांचं नाव काढून टाकलं. गणपतीत त्यांच्याकडून वर्गणीही घेतली नाही. घेतली नाही, हे त्यांनी दोनदा सांगितलं. मग ते टीव्हीवर दिसायला लागले. मंडळाच्या खोलीत टीव्ही होता. पहिल्यांदा मुलं हाक मारायला आली, मग बायका, आणि आता दर रविवारी तिथे त्यांच्यासाठी पुढची खुर्ची ठेवत होते. नाव अजून परत लावलं नव्हतं, पण बोलणं चाललं होतं.

“आता येत्या रविवारी मी त्या खुर्चीत बसणार,” काका म्हणाले, “आणि समोर मीच फितूर. लोक म्हणतील, बघा, टीव्हीवाल्यांका पण कळला.”

मी कर्णिकांकडे गेलो. भावनेची गोष्ट करून उपयोग नव्हता, म्हणून कामाची गोष्ट केली. म्हटलं, सर, पुढच्या सगळ्या दरबारांत काका सिंहासनामागे उभे आहेत. आपण ते आधीच शूट केले आहेत. आज त्यांना हाकललं, तर पुढच्या रविवारी ते परत तिथेच दिसतील.

कर्णिकांनी मान वळवली. तेजपालजी शेजारी मेकअप करून घेत होते. त्यांनी आरशातूनच उत्तर दिलं, “मास्टरजी, भीड़ को कौन देखता है?”

ज्या माणसाला सगळे बघतात म्हणून काढायचं, त्याला कुणी बघत नाही म्हणून काढायला हरकत नव्हती. हे वाक्य मला तेव्हा सुचलं होतं. मी ते बोललो नाही. शॉट झाला. गॅसच्या बर्नरवरची ज्योत, आणि तिच्यावर हळूच आणलेला, निळ्या जिलेटिन कागदातून पडणारा प्रकाश. निळा रंग पडल्यावर तेजपालजींनी आश्चर्याचा क्लोजअप दिला: डोळे विस्फारलेले, ओठ थरथरत. काकांनी ‘क्षमा, महाराज’ म्हटलं. इतकं हळू, की साउंडवाल्याने परत मागितलं. त्यांनी परत म्हटलं. दुसऱ्या दिवशी सेट मोडला आणि खांब कुणाच्या तरी लग्नाच्या मंडपाला गेले.

एडिटिंग अंधेरी पूर्वेला एका इमारतीच्या तळमजल्यावर चालायचं. तिथे निर्मला होती. नाहूरची. त्या काळी मशीनवर बसणाऱ्या मुली फार नव्हत्या, आणि ज्या होत्या त्यांना निर्माते चहा आणायला सांगायचे. निर्मला चहा सांगणाऱ्याला टेप रिवाइंड करायला लावायची. पुढे ती माझी पत्नी झाली. या वर्षी ती गेली. शोकसभेत लोक तिच्या मोठ्या कामांबद्दल बोलले, ते योग्यच होतं. मला बोलायला सांगितलं तेव्हा उभा राहिलो आणि तसाच बसलो. ही गोष्ट सांगायची होती. लिहायला वेळ लागतो आहे, पण लिहिताना मध्येच थांबलं तर कुणी पाणी आणून देत नाही, हे बरं असतं.

तिने तो एपिसोड लावला आणि त्यामागे पुढचा एपिसोड लावला. पहिल्याच्या शेवटी काकांना ओढून नेलं. दुसऱ्याच्या सुरुवातीला काका पगडी घालून राजामागे उभे. भुवई वर.

“हे काय आहे?” तिने विचारलं.

मी सांगितलं. काकांची गोष्टही सांगितली.

“तू बोललास का त्यांना?”

“बोललो.”

“किती मोठ्याने?”

मी टेपवरचं लेबल वाचायला लागलो.

जयंतीभाईंना आणि कर्णिकांना बोलावून तिने दोन्ही टेप दाखवल्या. कर्णिक म्हणाले, प्रेक्षक समजून घेईल, हे त्याचं भूत आहे असं समजेल. जयंतीभाई म्हणाले, “कर्णिकसाहेब, माझी वाइफ रोज विचारते, ते मागचे काका जेवले की नाही. ती भूत नाही समजणार. ती मला जाब विचारणार.” मग माझ्याकडे वळून म्हणाले, “मास्तर, परत शूट करायचा, तर सेट?” मी म्हटलं, मंडपात आहे. ते खाली बसले.

वकिलाला परका करता येत नव्हतं, तो शूटच झाला नव्हता. सेनापतीला? तो पुढच्या एपिसोडांत होता. भालदार होते. राजपुत्रही होता. बांगड्याच्या जोरावर आणि सरकत सरकत सगळे मास्टरमध्ये लागलेले होते. एकालाही बाहेर काढायची सोय नव्हती.

निर्मला शांतपणे म्हणाली, “पुढच्या दरबारांत कोण नाहीये, ते सांगा ना.”

पडद्यावर रिकामं व्याघ्रासन थांबवून ठेवलेलं होतं. ते आम्ही तिघेही बघत होतो. आधी कर्णिकांनी घसा साफ केला. जयंतीभाई उठून पडद्याजवळ गेले. मग त्यांनी विचारलं, “हे लीगल आहे ना, बेन?”

“कथा आहे,” ती म्हणाली. “कथेत सगळे कोणीतरी कोणालातरी फितूर ठरवतातच. आपण फक्त माणूस बदलतोय.”

मग आम्ही कामाला लागलो. एडिटिंगचा सगळा खेळ शेजारी काय ठेवलं यावर चालतो. हसणारा चेहरा खिरीच्या वाटीशेजारी ठेवला तर माणूस भुकेला वाटतो, प्रेताशेजारी ठेवला तर क्रूर. चेहरा तोच. तेजपालजी दिवा घेऊन एकेकासमोर जातात, ते तसंच ठेवलं. काकांसमोर येतात. काकांचा शांत चेहरा, पिवळी ज्योत, आणि ती निळी व्हायच्या आत तिने कापलं. मग सीनच्या सुरुवातीचा एक तुकडा उचलून शेवटी आणला. त्यात तेजपालजी आसनावर बसून दिवा स्वतःच्या तोंडासमोर धरून मंत्र म्हणतात. त्याला जोडून निळी ज्योत. त्याला जोडून त्यांचा तो आश्चर्याचा क्लोजअप. तो अभिनय खोट्या आश्चर्याचा होता, पण इतका भरपूर होता की पकडला गेलेला माणूस असाच दिसेल असं वाटलं. मग धूर. आणि धूर ओसरल्यावर पुढच्या एपिसोडमधलं रिकामं आसन. त्रिकालनाथ आपल्याच दिव्याने नाहीसा झाला.

राहिला राजा. मूळ संवादात तो ‘प्रधानजी, तुम?’ म्हणतो. आमचे राजेसाहेब अंधेरीतच एका बँकेत कामाला होते. ते जेवणाच्या सुट्टीत डबिंगला आले. डबिंग म्हणजे पडद्यावरच्या तोंडावर नवा आवाज बसवणं. राजाची दाढी एवढी मोठी होती की ओठ दिसतच नसत, त्यामुळे काहीही बसलं असतं. नवा संवाद वाचून त्यांनी आमच्याकडे पाहिलं. तेजपालजींची वाट बघत मुकुट घालून हा माणूस कितीदा ताटकळला होता. ‘त्रिकालनाथ, तुम?’ हे दोन शब्द त्यांनी पहिल्याच टेकमध्ये असे म्हटले, की निर्मलाने हेडफोन काढून ठेवला.

सरकारी टीव्हीच्या अधिकाऱ्यांनी एपिसोड आधी बघायचा अशी पद्धत होती. त्यांना एकच शंका आली: मंतरलेल्या दिव्याने अंधश्रद्धा पसरेल का? कर्णिक फोनवर गंभीरपणे म्हणाले की शेवटी मांत्रिकच खोटा ठरतो, यातून समाजप्रबोधन होतं. अधिकाऱ्यांनी अभिनंदन केलं. कर्णिकांना हे प्रतीक आपल्याला आधीपासून सुचलं होतं असं त्याच दिवसापासून वाटायला लागलं, आणि पुढे त्यांनी ते दोन-तीन ठिकाणी सांगितलंही.

रविवारी तेजपालजींनी घरी पाहुणे बोलावले होते. त्यांचा मोठा सीन होता. सोमवारी सकाळी ते एडिटिंगला आले, स्वतःची खुर्ची न घेता. त्यांचं म्हणणं होतं की हा त्यांच्या कलेचा खून आहे, नटांच्या असोसिएशनमध्ये जाईन, मला बेकायदा गायब करण्यात आलं आहे. निर्मलाने त्यांना पूर्ण बोलू दिलं. मग पुढच्या एपिसोडांच्या टेप त्यांच्यासमोर ठेवल्या.

“सर, यात तुम्ही कुठे आहात तेवढं दाखवा. मी तिथून जोडते.”

त्यांनी खरंच बघितलं. एक दरबार, दुसरा दरबार. प्रत्येकात रिकामं व्याघ्रासन, आणि मागे काका. मग तेजपालजींनी टेप परत तिच्याकडे सरकवल्या. त्यांना वाईट वाटलं होतं, आणि ते खोटं नव्हतं. मला त्या क्षणी त्यांची कीवही आली. संध्याकाळी त्यांचा जयंतीभाईंना फोन गेला. जयंतीभाई पूजेत होते.

पुढच्या शेड्यूलला तेजपालजी भरपूर डेट्स घेऊन परतले. त्रिकालनाथ पश्चात्ताप करून, साखळदंडात, दरबारात येतो असा एपिसोड लिहिला गेला. त्यात त्यांना गुडघ्यावर बसून प्रधानाची क्षमा मागायची होती. काकांनी ती राजाच्या आज्ञेवरून दिली. संवाद नव्हता, फक्त मान हलवायची होती.

आणि भटवाडीत काय झालं, ते काकांनी स्वतः येऊन सांगितलं. दिवा त्यांच्यासमोर आला तेव्हा मंडळाच्या खोलीत कुणी श्वास घेतला नाही. ज्योत पिवळीच राहिली. तेव्हा मागून एक जण म्हणाला, मी तेव्हाच सांगत होतो, सावंत तसला माणूस नाही. हाच तो गृहस्थ, ज्याने संपात ती गोष्ट उठवली होती. पुढच्या बैठकीत काकांचं नाव परत लागलं. माणसाच्या शब्दाने, शेजाऱ्यांच्या साक्षीने, इतक्या वर्षांच्या वागण्याने जे झालं नव्हतं, ते गॅसच्या बर्नरने करून दिलं.

काका मात्र अस्वस्थ होते. “तो दिवा खोटा होता,” ते निर्मलाला म्हणाले. “आधी तो माझ्यासमोरच निळा झाला होता. हे सांगू का त्यांना?”

“ते त्यांना ठाऊक आहे, काका,” ती म्हणाली. “त्यांना परत यायला एक वाट हवी होती. बसा, चहा घ्या.”

या धंद्यात मी पुढे बरीच वर्षं काढली. नवीन मुलं विचारतात, तेव्हा एकच सांगतो. आपल्यावाचून किती अडतं हे दाखवायला कामावरून गैरहजर राहू नये. काम कधीच अडून राहत नाही. ते तुमच्या रिकाम्या जागेभोवती स्वतःची कथा रचून घेतं, आणि त्या कथेत तुम्ही कोण ठरणार, हे सांगायला तुम्ही तिथे नसता.